अंजनाची मोटर

आनंदनगर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पिशव्या कापायच्या मशीनची लांबी बदलायची, तर शरदचंद्र पाटीलच लागायचे. पापडाची पिशवी वीस सेंटीमीटरवरून पंचवीसवर न्यायची म्हणजे गिअर काढा, दुसरे बसवा, चार-सहा पिशव्या कापून पाहा. अर्धा दिवस जायचा. बावीस वर्षं त्या अर्ध्या दिवसावर त्यांचा मान उभा होता.

मग वायरिंग करणाऱ्या अंजना जाधवने मालकांना, भूपेशशेठना, सांगितलं, की गिअर लागणारच नाहीत. प्लास्टिकचा रोल फिरवायला स्टेपर मोटर लावू. एक पल्स, म्हणजे विजेचा छोटा ठोका, दिला की ती एक पाऊल सरकते. किती पल्स सोडायचे ते प्रोग्राममध्ये लिहायचं, लांबी बदलायची तर आकडा बदलायचा. दर रविवारी उल्हासनगरला क्लासला जाऊन ती हे शिकली होती. भूपेशशेठनी लगेच होकार दिला आणि तिच्यासाठी पंख्याखालचं टेबल रिकामं करून घेतलं.

शरदचंद्रांना ते टेबल फार खुपलं. डब्याच्या वेळी ते तिच्यापासून लांब बसू लागले. सोनिवलीला घरी बायकोने विचारलं, तर म्हणाले, पोरखेळ आहे, चालायचा नाही.

आणि खरंच चालला नाही. चाचणीत मोटर नुसती गुणगुणली, थरथरली. प्लास्टिकचा रोल जागचा हलला नाही. अंजनाने वायरी तपासल्या, मोटर बदलली. शरदचंद्रांना चूक पहिल्याच मिनिटाला कळली होती. चाळीस किलोचा रोल एकदम पळत नाही, आधी हळू हलवावा लागतो. ती सुरुवातीपासूनच भराभर पल्स सोडत होती. तीन दिवस ते गप्प राहिले. ते तीन दिवस आपल्याला जेवण गोड लागलं, हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केलं.

चौथ्या दिवशी ते आले तेव्हा मशीन चालू होतं. काय केलंस, असं शेठ विचारत होते.

"शरदभाऊ रोल हाताने फिरवतात, तेव्हा आधी हळू ढकलतात, मग वेग देतात," अंजना म्हणाली. "काल ते बघितलं. मग सुरुवातीच्या पल्समध्ये अंतर जास्त ठेवलं, पुढे कमी करत नेलं."

शेठनी शरदचंद्रांची पाठ थोपटली. ती थाप त्यांना नकोशी झाली. त्यांनी न सांगितलेलं तिने उचललं होतं आणि वर नावही त्यांचंच घेतलं होतं. आता रागवायलाही जागा उरली नव्हती.

दुपारी ते तिच्याकडे गेले. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

अंजना म्हणाली, "वाटलंच होतं. सगळे मोटरकडे बघत होते, तुम्ही माझ्याकडे."

त्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, की थांबतानाही वेग हळूहळू उतरव, नाहीतर रोल पुढे घसरेल आणि पिशवी लांब कापली जाईल. तिने ते लगेच लिहून घेतलं.

हेवा गेला, असं शरदचंद्र आजही म्हणत नाहीत. प्रोग्राम शिकायला ते बसतात, पण अंजना चहाला उठून गेल्यावर.