मंगळवारी न आलेल्या बाया

१० जानेवारी १९९२, शुक्रवार. सकाळपासून मी जुन्या कागदांची निंदणी करत बसले होते. शेतातलं तण काढतात तशी सरकारी कपाटं दर काही वर्षांनी निंदावी लागतात. कायम ठेवायचे कागद 'अ' वर्गात, मुदत संपलेले 'ड' वर्गात. 'ड' म्हणजे पोतं. नाकाला पदर बांधून मी फरशीवर बसले होते, आणि माझ्या डाव्या हाताला चार पोती भरलेली होती.

जळगावातल्या त्या कार्यालयात मी सांख्यिकी सहायक होते. खेड्यापाड्यांतल्या आरोग्य केंद्रांवरून महिन्याचे तक्ते येत. किती मुलांना लस दिली, किती बाळंतपणं झाली. त्यांची बेरीज करून मी पुढे पाठवी. वय बेचाळीस. लग्न केलेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हापासून खोलीत मी एकटीच होते. एका माणसासाठी कुकर लावणं परवडत नाही, म्हणून पातेलीत भात करायला शिकले होते. यापलीकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि कुणी विचारतही नव्हतं.

बाराच्या सुमारास आमचे शिपाई नाना एक जाड पाकीट घेऊन आले.

"बाई, दिल्लीचं शे. वजन पाहूनच म्हटलं, हे तुमचंच."

"हलकं असतं तर कुणाचं असतं, नाना?"

"हलकं साहेबांचं. त्यात चहापानाचं आमंत्रण राहतं."

पाकिटात आठ पानांचा तक्ता होता. देशात आरोग्यसेवेच्या कारभाराचा अभ्यास करू शकणारी माणसं किती आहेत, ते दिल्लीला मोजायचं होतं. रोगाचा अभ्यास करणारी नव्हेत. दवाखाना असून लोक का येत नाहीत, लस असून टोचली का जात नाही, काय बदललं तर जाईल, हे शोधून काढणारी माणसं. प्रत्येक जिल्ह्याने आपली संख्या कळवायची. पुढे रकाने होते. शिक्षण, केलेले अभ्यास, छापून आलेले निबंध, ग्रंथालय आहे का, संगणक आहे का. सोमवारपर्यंत पाठवायचा होता.

अशा तक्त्यांना आमच्याकडे एकच उत्तर असे: निरंक. काही नाही. निरंक लिहिलं की वरून विचारणा होत नाही. 'एक' लिहिलं की तो कोण, कुठला, कधीपासून, पुरावा जोडा, अशी पत्रं वर्षभर येतात. निरंक पाठवण्यात माझा हात कुणी धरत नसे. महिन्याच्या तक्त्याच्या शेवटी 'क्षेत्रातून आलेल्या सूचना' असा एक रकाना होता. त्यात दर महिन्याला निरंकच जायचं, म्हणून तो शब्द मी तक्ता छापायच्या स्टेन्सिलवरच टाइप करून कापून ठेवला होता. महिना कोरा असतानाच रकाना भरलेला. या युक्तीबद्दल माझं कौतुकही झालं होतं.

दिल्लीच्या तक्त्यातही मी पेन्सिलीने सहा वेळा निरंक लिहिलं आणि पुन्हा पोत्यापाशी जाऊन बसले.

पुढच्याच गठ्ठ्यात ती वही सापडली. शंभरपानी, खाकी कव्हराची. वरचं रबर विरघळून कागदाला चिकटलं होतं. कव्हरावर ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: 'मंगळवारी न आलेल्या बाया'. पारोळ्याच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या नर्सची वही होती. तिच्या गावात लस टोचायचा वार मंगळवार. त्या दिवशी जी बाई मूल घेऊन आली नाही तिच्या घरी ही त्याच दुपारी गेली होती आणि कारण विचारून जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. दोन वर्षं.

'घर बंद. शेजारीण म्हणे, बठ्ठा बाजारले गयात.'

'सासू म्हणे, हप्तानी मजुरी मंगळवारे भेटस, मंग किराणा लेवाले जातस.'

'पोरले ताप येस म्हणीसन नको.' असं म्हणणारी एकच. तिच्या नावाखाली रेघ होती.

आमच्या सगळ्या अहवालांत बाया न येण्याचं कारण 'अज्ञान व भीती' असं असायचं. वहीत ना अज्ञान होतं ना भीती. शेजारच्या गावचा बाजार मंगळवारी भरत होता, एवढंच. शेवटच्या पानाला अर्ज टाचलेला होता: लसीचा वार बुधवार करावा. त्यावर केंद्राच्या तेव्हाच्या डॉक्टरची शिफारस होती. आणि कोपऱ्यात हिरव्या शाईत, माझ्या अक्षरात: 'यासाठी रकाना नाही. फाइल.' साल १९८६.

मला ती आठवली. एसटीने स्वतः वही द्यायला आली होती. टेबलापाशी उभी होती. मी खुर्ची दिली नव्हती.

मी त्या सालांची रजिस्टरं काढून बघितली. उन्हाळा सोडला तर त्या गावची लसीकरणाची संख्या चांगली होती. मंगळवारमागून मंगळवार. आता माझी पंचाईत झाली. बाया आल्याच नाहीत, तर टोचलं कुणाला? वही खरी असली तर तक्ता खोटा, आणि तक्ता खरा असला तर वही.

तरीही मी वही घेऊन साहेबांकडे गेले. आमचे साहेब डॉक्टर होते. माणूस वाईट नव्हता, घाईत असे.

"साहेब, दिल्लीच्या तक्त्यात एक लिहायचं का?"

"कोण एक?"

मी वही पुढे ठेवली. त्यांनी चार पानं उलटली, मग पुन्हा पहिल्या पानावर आले.

"शिक्षण?"

"सातवी. नंतर नर्सचा कोर्स."

"काही छापून आलंय?"

"नाही."

"दिल्लीवाले हसतील, बाई. निरंक लिहा."

"हसू देत. तक्ता मी भरते."

"सही मी करतो." मग वही माझ्याकडे सरकवत म्हणाले, "तिची संमती आणा, लेखी. सोमवारी अकराला मी दौऱ्यावर निघणार. तोवर आली तर एक, नाहीतर निरंक."

आस्थापनेच्या कारकुनाकडून पत्ता घेतला. नर्स तीन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन धुळ्याला राहत होती. शनिवारी संध्याकाळी मी वही पुन्हा वाचली. खोलीत बोलायला कुणी नव्हतं, म्हणून काही वाक्यं मोठ्याने वाचली. त्या बाया निदान काहीतरी बोलत होत्या.

रविवारी सकाळच्या गाडीने निघाले. एरंडोल गेलं, पारोळ्याच्या किल्ल्याची भिंत गेली. शेजारची बाई उतरताना मांडीवरचं मूल क्षणभर माझ्या हातात देऊन पिशवी काढायला वाकली आणि मग घेऊन गेली. बाकी प्रवासात काही घडलं नाही. धुळ्याला स्टँडवरून रिक्षा केली.

दोन खोल्यांचं घर. दार तिनेच उघडलं. केस पूर्ण पांढरे झाले होते.

"कोण शे?"

मी जळगावचं कार्यालय सांगितलं. तिने चष्मा लावून मला नीट न्याहाळलं.

"रकाना नाही म्हणणाऱ्या बाई ना तुम्ही?"

"हो. तीच."

"मग आता काय, रकाना सापडला?"

"सापडला. दिल्लीहून आला."

ती हसली नाही, पण तिने दार पूर्ण उघडलं आणि खुर्ची पुढे केली. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, खाली मुलीच्या लग्नाचा फोटो. मुलगी नाशिकला. घरात दुसरं कुणी नव्हतं, ते दोरीवरच्या एकाच लुगड्यावरून कळत होतं.

मी पिशवीतून वही काढली. तिने ती हातात घेतली, पण उघडली नाही.

"फेकली असंल असं वाटलं व्हतं माले."

"परवा फेकणारच होते," मी म्हटलं. खोटं सांगून काय मिळणार होतं? "आधी एक विचारायचंय. वहीत बाया आल्या नाहीत, आणि तक्त्यात मुलं पूर्ण आहेत. यातलं खोटं काय?"

"काहीच नाही. दोन्ही खरं शे."

मग तिने सांगितलं. हुकूम मंगळवारचा, म्हणून मंगळवारी ती लसीचा डबा घेऊन नऊ ते एक समाजमंदिरात बसायची. तपासणीची जीप आली तर जागेवर सापडलं पाहिजे. कुणी येत नसे. एखादी कोंबडी आत यायची. डबा ती उघडायचीच नाही, म्हणजे बर्फ टिकायचा. संध्याकाळी बाया बाजारातून परतल्या की डबा उचलून घरोघर फिरायची. दिवे लागेपर्यंत टोचत राहायची.

"अन् उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात बर्फ सांजलोंग टिकस नही. खराब लस कशी टोचणार? मग नाही जायचे. तुमचे आकडे बघा ना, एप्रिल-मेचे."

ते आकडे मला पाठ होते. दर वर्षी एप्रिल-मेमध्ये त्या गावची संख्या पडायची, आणि दर वर्षी मी शेऱ्यात लिहायची: 'उन्हाळ्यामुळे अल्प प्रतिसाद'. बर्फ कमी पडत होता आणि मी दोष बायांना देत होते.

"अर्ज दिल्यावर मी वाट बघितली," ती म्हणाली. "दर महिन्याच्या बैठकीला तुमचा छापील कागद यायचा. शेवटी बघायचे, सूचना: निरंक. मनात म्हणायचे, मी दिली ती कुठं गेली?"

"तो शब्द आधीच छापलेला असायचा," मी म्हटलं. "तुमची सूचना येवो न येवो."

ती उठून आत गेली. मला वाटलं, आता निघावं. तिने आतूनच विचारलं, "भाकर खाशात ना? ज्वारी-उडदाच्या कळण्याची शे. मी एकटीचंच पीठ काढते, आता पुन्हा काढावं लागेल."

जेवताना मी संमतीचा कागद पुढे केला. तिने वाचला आणि बाजूला ठेवला.

"माझं नाव नको."

"का?"

"मोजून काय करशात? त्या सगळ्या वर्षांत माझी पोरगी मंगळवारी एकटीच जेवून झोपायची. तवा कोणी मोजलं नाही. नाव नको. वार बदला."

"पण तुम्ही आता निवृत्त झालात."

"मी झाले. मंगळवार झाला का? तिथं आता नवी पोरगी शे. तिले तान्हं लेकरू शे. एक वाजला की ती डबा जमा करस अन् घर जास. सांजले कशी फिरी ती? मग टोचणं राहून जातं." तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच धरून ठेवला. "मागल्या महिन्यात तिथं गयथू. दोन घरी गोवर व्हता."

जेवण संपल्यावर मी ताटं उचलली.

हात धुऊन तिने कागद पुन्हा घेतला आणि खिडकीपाशी उभं राहून सही केली. तेच ठसठशीत अक्षर.

"हे तुमच्यापाशी ठेवा. वाराच्या हुकमावर साहेबांची सही झाली तरच दिल्लीला पाठवा. नाही झाली तर फाडून टाका. मी काही बघायला येणार नाही."

वही तिने परत माझ्या पिशवीत घातली. स्टँडपर्यंत येते म्हणाली. मी नको म्हटलं, तरी कोपऱ्यापर्यंत आली. "आलात, बरं झालं," असं काही ती म्हणाली नाही. "पारोळ्यानंतर उजव्या बाजूला बसू नका, ऊन लागतं," एवढंच म्हणाली.

मी डाव्या बाजूला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला नानांना घरून बोलावून कार्यालय उघडायला लावलं. आधी हुकूम टाइप केला: सदर गावी लसीकरणाचा वार मंगळवारऐवजी बुधवार. मग दिल्लीचा तक्ता. व्यक्तींची संख्या: एक. शिक्षण: सातवी, नर्स. छापून आलेले निबंध: नाही. केलेले अभ्यास: एक, हस्तलिखित, दोन वर्षांचा. ग्रंथालय आणि संगणक यांपुढे निरंक लिहिलं, कारण ते खरंच नव्हते.

साहेब साडेदहाला आले. मी हुकूम वर ठेवला, तक्ता खाली.

"हे काय मध्येच? वार बदलायला केंद्राच्या डॉक्टरला विचारावं लागतं."

"विचारलंय. शिफारस शहाऐंशीची आहे, वहीला टाचलेली."

"सहा वर्षं कुठे होती?"

"माझ्या कपाटात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं, पण बाहेर जीप सुरू झाली होती. त्यांनी हुकमावर सही केली, मग तक्त्यावर. हुकूम मी नानांच्या हाती पारोळ्याच्या गाडीने पाठवला. तक्त्याला संमती जोडून तो टपालात दिला. वहीच्या कव्हरावर 'अ' लिहिलं आणि नोंद करून ती कपाटात वरच्या फळीवर ठेवली.

मग टाइपरायटरवर नवी स्टेन्सिल चढवली आणि महिन्याचा तक्ता पहिल्यापासून पुन्हा कापला. शेवटच्या रकान्यापाशी आले तेव्हा बोटं सवयीने 'निरंक'मधल्या 'नि'कडे गेली. हात काढून घेतला, रकाना कोरा सोडला आणि खाली फक्त रेघ मारली.