पाडव्याला मोकळा होणारा गोलकीपर

मला सांगायचं न्हवतं. पोरं चहा पाजून वदवून घेऊन राहिलीत. क्लबात बसणाऱ्याकडं असले किस्से आपोआप साचतात. लातूर जिल्हा झाला त्या सालच्या दुष्काळात आमच्याकडं साचत होतं ते एवढंच.

नांदेडला आमचा हॉकीचा क्लब. गौतम गोलकीपर, गाव शिरूर अनंतपाळ. पाडव्यापर्यंत आमचा, पुढं मोकळा. नवी बोली करायचं काम माझ्याकडं आलं, कारण जन्मभर मी सालगड्यांच्या बोल्या केलेल्या. त्यांचंबी साल पाडव्यालाच संपतं.

बैलबाजारातल्या सवयीनं मी गौतमच्या पोटऱ्या दाबून बघितल्या.

तो म्हणाला, "दात बघायचे ऱ्हायले, आबा."

मी हात काढून घेतला.

"सालगडी माझा बाप होता. मी गोलकीपर हाय. तसा भाव करा."

तवापास्नं तसाच केला.

*

भाव विचारला तर गौतमनं पैसा मागितलाच न्हाई. गावची विहीर आटलेली, आई घागर घेऊन रानोमाळ फिरायची.

"नांदेडात नळाजवळ एक खोली द्या. आईला आणतो. मग कुठं जात न्हाई."

आमचा सेक्रेटरी म्हणाला, "गोलकीपर करतो काय? उभा ऱ्हातो. उभं ऱ्हायला खोली कशाला?"

*

तेवढ्यात लातूर नवा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला नवी टीम पायजे. जीपमधून दोघं आले. "शिरूर आमच्यात, म्हंजे गौतम आमचा. नोकरी देतो."

मी म्हणलं, "कुठं?"

"ऑफिसात."

"ऑफिस कुठं हाय?"

"बांधायचंय."

"अन् पाणी?"

"ऑफिस झाल्यावर बघू."

गौतम हसला, पण नको म्हणाला न्हाई. नोकरी ती नोकरी. "पाडव्यापर्यंत थांबतो, आबा," एवढंच बोलला.

*

मी सेक्रेटरीला म्हणलं, खोली द्या, न्हाईतर पोरगा गेला. त्यानं सगळ्या टीमसमोर मला सुनावलं, "लातूरवाल्यांचा चहा गोड लागला वाटतं, आबा. लई भाव वाढवून राहिलात."

लातूरवाल्यांनी चहा घेतला होता खरा. पाजला मी होता.

*

पाडव्याच्या आदल्या दिवशी सेक्रेटरीला ग्राउंडवर नेलं. "उभंच ऱ्हायचंय ना? ऱ्हा उभे." गौतमचे पॅड बांधले, गोलात उभा केला अन् आमच्या सेंटर फॉरवर्डला म्हणलं, मार.

बॉल कानाजवळनं गेला अन् मागच्या फळीवर वाजला. सेक्रेटरी कुठं दिसंना. बघतो तर गोलाच्या मागं, जाळी धरून बसलेला.

गौतम म्हणाला, "साहेब, गोल तिकडं हाय."

"असू दे तिथंच," सेक्रेटरी बसल्या जागेवरनं म्हणाला. "आबा, माझ्या घरामागची खोली द्या ह्याला. नळ दारातच हाय."

पाडव्याला गौतमची आई पेटी घेऊन आली. नळाखाली घागर लावली अन् भरस्तवर बघत ऱ्हायली. सेक्रेटरी तिच्यापुढं हात जोडून चुकलं म्हणाला. गौतमलाबी म्हणाला. मी तिथंच उभा होतो.

मला चहावरनं बोलला त्याचं मात्र अजून काढलेलं न्हाई. सेक्रेटरीचं नाव दिगंबरराव, उमरीवाला.