तुटका ळ

कवडूदादाचं नाव मी सांगितलं. मला कोणी मारलं नाही, धमकावलं नाही. बसायला खुर्ची दिली, आणि मी सांगितलं.

त्या खुर्चीचं आधी सांगायला हवं.

नागपुरात महालातल्या एका छापखान्यात मी एकोणिसाव्या वर्षी कंपोझिटर म्हणून लागलो. लाकडी केसच्या खणांतून शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, एकेक उचलायचे, ओळी जुळवायच्या. घर इंदोऱ्याला. छप्पन साली बापानं दीक्षा घेतली तेव्हा मी त्याच्या खांद्यावर होतो, असं आई सांगायची. छापखान्याच्या मालकांना सगळे भाऊसाहेब म्हणत. पाण्याचा माठ एकच. पण आमच्या समाजातले दोघे होतो, मी आणि कवडूदादा, आमच्यासाठी खिडकीत जर्मन धातूचा एक गिलास वेगळा ठेवलेला असायचा. तसा नियम कोणी तोंडानं सांगितला नव्हता. गिलास तिथं होता. पाणी दुसऱ्या कोणीतरी वरून ओतायचं.

कवडूदादा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. त्यानंच मला हे काम शिकवलं. उलटी अक्षरं सुलटी वाचायला त्यानंच शिकवलं.

एकदा भर उन्हाळ्यात जुळवलेल्या ओळींची गॅली घेऊन मी भाऊसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो. आत कोणी नव्हतं. गॅली जड. समोरच्या खुर्चीच्या कडेवर टेकलो आणि ती गुडघ्यांवर ठेवली. भाऊसाहेब आत आले.

"कोणाच्या खुर्चीवर बसलास?"

"तुम्ही नव्हते म्हणून..."

"मी नसलो की ती तुझी होते का? ऊठ. आणि पूस ती."

मी धडपडून उठलो. गॅली कलंडली, खिळे फरशीभर उधळले. मी सदऱ्याच्या टोकानं खुर्ची पुसली. मी बसलो होतो, नेमकी तेवढी जागा. दार उघडं होतं. बाहेरचे सगळे हात थांबले होते. कोणीतरी हसलं.

पाय मागं घेताना टाचेखाली काहीतरी करकरलं. ळ होता. त्याच्या डाव्या गाठीचा खालचा कोपरा उडाला होता.

कवडूदादा आला, माझ्या शेजारी गुडघ्यावर बसला आणि खिळे वेचू लागला. मी तो ळ रद्दीच्या डब्यात टाकायला निघालो तर त्यानं हात धरला.

"राहू दे गा. चालते अजून."

पुढं त्यानं काम सोडलं. पाचपावलीत स्वतःच्या घरात पायानं चालवायचं एक जुनं ट्रेडल छपाई मशीन मांडलं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं. भाऊसाहेबांनी नवे खिळे आणले तेव्हा जुने त्यानं विकत नेले. पोत्यात मीच भरून दिले. तो ळ त्यात होता.

मग आणीबाणी आली. आमच्याकडे एक साप्ताहिक छापलं जायचं. एक अधिकारी येऊन प्रूफं वाचू लागला. लाल पेन्सिलीनं ओळी कापायचा. सुरुवातीला आम्ही कापलेली जागा कोरी सोडली. पुढच्या आठवड्यात हुकूम आला, कोरी जागा सोडायची नाही. लोक तीसुद्धा वाचतात. ती भरायचं काम माझं. मी मोरावळा कसा टिकवावा ते भरायचो. उन्हाळ्यात घ्यायची काळजी भरायचो. कापलेल्या आठ ओळींच्या जागी बरोबर आठ ओळी, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. भाऊसाहेब वाखाणायचे. मला बरं वाटायचं. हे मी आज लिहितो आहे, पण तेव्हा खरंच बरं वाटायचं.

त्या दिवसांत शहरात एक पत्रक फिरलं. खाली छापखान्याचं नाव नाही. मजकूर एवढाच, की अमुक गावच्या आठवडी बाजारातून सकाळी अकरा माणसं ट्रकमध्ये घालून नसबंदीसाठी नेली. त्यात एकाचं लग्नही झालेलं नाही. पुढं अकरा नावं. वर्तमानपत्रात ही बातमी कुठंच नव्हती. येणारही नव्हती.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. अधिकारी बसला होता. टेबलावर ते पत्रक.

"ये, बस," भाऊसाहेब म्हणाले.

मी उभाच राहिलो. मला वाटलं दुसऱ्या कोणाला म्हणाले.

"अरे बस ना. लाजतोस काय? साहेब, या पोराची नजर बघा तुम्ही. छापलेलं दाखवा, खिळा कोणत्या गावचा ते सांगतो."

मी बसलो. तीच खुर्ची. चहा आला. बशीसकट, कानाच्या कपात. चार वर्षांत त्या छापखान्यात मी पहिल्यांदा कपातून चहा प्यायलो.

अधिकाऱ्यानं पत्रक माझ्याकडे सरकवलं. "बघ जरा. काही समजते काय?"

मी पहिली ओळ पाहिली. 'सकाळी' या शब्दातला ळ पाहिला. डाव्या गाठीचा कोपरा नव्हता.

'नाही समजत' एवढंच म्हणायचं होतं. ते म्हणायला कितीसा वेळ लागतो! पण कप हातात होता, दोघं माझ्याकडे बघत होते, आणि मला माझी नजर दाखवायची होती. मी म्हणालो, "हा ळ आमच्याच जुन्या केसमधला आहे साहेब. टाचेखाली तुटला होता. आता पाचपावलीत कवडूदादाकडे आहे."

"वा!" अधिकारी म्हणाला. "मास्तर आहे गा तू तं!"

मी हसलो. मला ते हसू आठवतं.

केबिनच्या बाहेर आलो. दार पुरतं लागलं नव्हतं. आतून भाऊसाहेबांचा आवाज आला, शिपायाला सांगत होते, "तो कप बाकीच्या कपांत ठेवू नको. बाहेर नेऊन फेकून दे."

मी केसपुढं येऊन उभा राहिलो. काय केलं ते तेव्हा कळलं. पळत पाचपावलीला जाता आलं असतं. सायकल दाराशी होती. मी गेलो नाही. मी मोरावळा जुळवत राहिलो.

दुपारी पोलिसांनी कवडूदादाला नेलं. खिळे पोत्यांत भरून नेले, मशीनला सील ठोकलं. संध्याकाळी त्याची बायको शांतावहिनी आमच्या दारात आली.

"बापू, तू तं छापखान्यात रायते. तुले काही समजलं काय? कोनं नाव सांगतलं?"

"नाही वहिनी."

"तो म्हने, काही झालं तं बापूले इचार. त्याले समजन."

आईनं तिला चहा दिला. मी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसलो.

आणीबाणी उठल्यावर तो सुटला. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती. काय झालं ते त्यानं कोणाला सांगितलं नाही. खिळा चिमटीत धरता येत नाही तर कंपोझिटर कसला? धंतोलीत एका दवाखान्यासमोर तो सायकल स्टँड सांभाळू लागला. गावोगावचे पेशंट यायचे, त्यांच्या नातेवाइकांच्या सायकली. माझी आई त्याच रस्त्यावरच्या दवाखान्यात एकवीस दिवस होती. तिचा डबा घेऊन मी रोज मागच्या गल्लीनं लांबून फिरून गेलो, त्याच्या समोरून जावं लागू नये म्हणून.

ळ मला सोडत नव्हता. शाळा, फळा, डोळे. खणातून उचलला की अंगठा आपोआप डाव्या गाठीवर जायचा. कोपरा आहे ना? पोरीच्या वहीत तिनं काढलेला ळ दिसला तरी मी आधी डावीकडे बघायचो. बारा वर्षं.

मग छापखान्यात संगणक आला. काचेच्या खोलीत, थंड हवेत. भाऊसाहेब गेले होते, त्यांचा मुलगा कारभार बघत होता. खिळे भंगारात जायचे होते. त्यानं मला पडद्यावर गंमत दाखवली. एक ओळ पुसली. खालची ओळ आपोआप वर सरकली.

"बघा, भरायची भानगडच नाही. इथं काही होतं हेसुद्धा कळत नाही कोणाला."

मी पडद्याकडे बघत राहिलो. मोरावळा आठवला. निदान त्या मोरावळ्यात माझ्या हाताची मेहनत होती, कोणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं की याच्या खाली आठ ओळी पुरल्या आहेत.

त्याच आठवड्यात त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं. कोणी एक बडा माणूस बसला होता. टेबलावर पत्रक. त्याच्या कारखान्यात मशीनमध्ये हात गेलेल्या कामगारांची नावं. खाली छापखान्याचं नाव नाही.

"या, बसा," मुलगा म्हणाला. "बाबा सांगायचे तुमच्या नजरेबद्दल. हे कोणाकडचं आहे?"

खुर्ची तीच होती, फक्त नवं रेक्झिन लावलेलं. मी पत्रक उचललं. इतवारीतला छापखाना. एका नजरेत ओळखलं.

मी बसलो नाही.

"ओळखतो," मी म्हणालो. "सांगणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे सांगणार नाही."

"उद्यापासून येऊ नका मग."

मी खिडकीतला जर्मनचा गिलास उचलला. तेव्हाही तो तिथंच होता. पिशवीत टाकला आणि सायकल थेट धंतोलीला नेली. समोरच्या रस्त्यानं.

कवडूदादानं मला पाहिलं. डाव्या हातानं बिल्ला पुढं केला, जसा सगळ्यांना करायचा.

"दादा," मी म्हणालो, "तुझं नाव मी सांगितलं होतं."

"माहीत आहे मले."

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून. तो ळ तुह्याबिगर कोन वयखनार?"

मग माझ्या तोंडून ते निघालं, जे बारा वर्षं आत अडकलं होतं. "मग काहून लावला तो? केसमध्ये दुसरे नव्हते?"

"चांगले वीस होते. तोच हुडकून लावला." तो एका सायकलची घंटी पुसत होता. "वाटलं, तुह्या हाती पडंन. तुले समजंन का दादानं छापलं. अन् तू चूप रायसीन."

मी त्याच्या पायाशी वाकलो. त्यानं पाय मागं घेतले.

"इथं नको. मी जे छापलं ते चौकात गेलतं. तुई माफी बी चौकात जाऊ दे."

इतवारीत, ज्याचं नाव मी सांगितलं नव्हतं त्याच्या ट्रेडलवर, मी स्वतः खिळे जुळवले. पहिली प्रत कवडूदादाला नेऊन दिली. त्यानं ती दोनदा वाचली. माफ केलं असं म्हणाला नाही, मीही विचारलं नाही. शांतावहिनीनं ती हातात घेतली, घडी घातली आणि घरात गेली. बाकीच्या मी पाचपावलीच्या चौकात उभा राहून वाटल्या. भर दुपारी. मजकूर असा होता:

'आणीबाणीत बाजारातून अकरा माणसं उचलून नेली होती. त्यांची नावं कवडूदादानं छापली. ती कोणी छापली हे मी अधिकाऱ्याला सांगितलं. मला कोणी मारलं नव्हतं. मी कवडूदादाची माफी मागतो. ज्यांना मी तोंडावर खोटं सांगितलं त्या शांतावहिनींची माफी मागतो. ज्यांची नावं माझ्यामुळं पुन्हा छापली गेली नाहीत त्या अकरा जणांची माफी मागतो. यापुढं कोणताही निनावी कागद दाखवून हा कोणी छापला असं कोणी मला विचारलं, तर मी एकच नाव सांगेन, माझं. ते पत्त्यासह खाली दिलं आहे.'