म्हाताऱ्याजवळची पाळी

न्हाव्यासमोर बसलो होतो. एक गाल झाला होता, दुसऱ्याला साबण. रस्त्यावरून कोणीतरी ओरडून सांगितलं, द्वारका गेली. न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला. भावकीतलं मरण, सुतक लागलं, आता दहाव्यापर्यंत दाढी नाही. तसाच उठलो आणि अर्ध्या दाढीनं तिला खांदा दिला. लोक बघत होते, बघू देत. ती असती तर पदर तोंडाला लावून म्हणाली असती, "भावजी, दुसरी बाजू कुठं ठेवून आलात?"

त्याला आता दोन महिने होतील. शाळेतले मास्तर म्हणाले, तुम्ही सांगा, मी लिहितो. मी म्हटलं, दोन इयत्ता शिकलोय, माझ्या वहिनीचं मी लिहीन.

द्वारका माझ्या चुलतभावाची, धर्माची बायको. धर्मा मुंबईला गोदीत कामाला गेला आणि तापानं तिकडेच संपला. मूलबाळ नव्हतं. स्वातंत्र्य आलं त्याच्या आगेमागे त्याच्या बापाला, म्हणजे माझ्या चुलत्याला, अर्धांग झालं. तात्या म्हणायचो आम्ही त्यांना. एवढा धिप्पाड माणूस, खाटेवर पडला तो पडलाच. त्यांना भरवणं, पुसणं, कूस बदलणं, रात्रीचं उठणं सगळं द्वारका करायची. तात्या माझ्या रक्ताचे. तिचे कोण? नवऱ्याचा बाप, आणि नवराही राहिलेला नाही. आम्ही जाता-येता ओट्यावरून विचारायचो, तात्या बरे आहेत ना? ती म्हणायची, बरे आहेत. आम्हाला वाटायचं, ते आपले आपणच बरे आहेत…

आमची जमीन खाडीकाठची. मातीचा बांध आहे म्हणून भात पिकतं. उधाणाच्या भरतीला बांध फुटला की खारं पाणी आत येतं, आणि मग पुढली दोन-तीन वर्षं त्या मातीत गवतही धड उगवत नाही. म्हणून बांध फुटला की घरामागे एक गडी जायचा, हा गावचा कायदा. बाया चिखलाची ढेकळं वाहायच्या, पण त्या मोजणीत नव्हत्या. मोजायचा तो गडी. ज्या घरचा गडी नाही, त्याची भाताची खाचरं पुढल्या वर्षी दुसऱ्यानं लावायची, आणि बैठकीत त्या घराला तोंड नाही.

तात्या खाटेवर असताना एका वर्षी अमावास्येच्या उधाणाला बांध फुटला. देवळापुढं बैठक बसली. पाटील म्हणाले, "द्वारके, तुझ्या घरचा गडी कुठाय?"

"हाय की. खाटंवर हाय. चौघं या आनि न्या उचलून."

लोक हसले. पाटील हसले नाहीत. "मस्करी नको. बांध समद्यांचा हाय."

"बांध समद्यांचा, आनि म्हातारा माझ्या एकलीचा? भावकीचा न्हाय तो?" ती उभीच होती, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. "मी येते बांधावर. पावडं मारीन. तवर म्हाताऱ्याजवळ एक गडी बसवा. जो बसंल त्याची ती पाळी धरा आनि बांधावरची माझी धरा. न्हायतर उद्या मी घरात, आनि या समद्या बाया बी घरात. वाहा तुमची ढेकळं तुम्हीच."

मागं बसलेल्या बायांपैकी एकही उठून गेली नाही. बाया तिच्या बाजूच्या, ते पाटलांना कळलं.

"कोन बसनार?" त्यांनी विचारलं.

"हे भावजी. सख्खे पुतने. का वो, हात झिजतील?"

बांधावर माझ्याएवढं ढेकूळ कोणी उचलत नसे, आणि मला म्हाताऱ्याचं अंथरूण! पण सगळ्यांसमोर नाही म्हणणं जिवावर आलं. म्हटलं, "बसतो. पडलेल्या मानसाजवळ बसायला काय लागतं?"

काय लागतं ते दुपारपर्यंत कळलं. पेज भरवताना तात्यांना ठसका लागला तो थांबेना. कूस बदलायला गेलो तर त्यांचं सगळं वजन माझ्या हातांवर आलं. अंथरूण ओलं झालं तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि पुतण्याच्या हातून हे होतंय म्हणून लहान पोरासारखे रडले. माझी भाकर तशीच राहिली. संध्याकाळी द्वारका कमरेपर्यंत चिखलानं भरून आली, ओट्यावर पाय धुतले आणि मला विचारलं, "उद्या बांधावर जाताय का?"

म्हटलं, "उद्या पन मीच बसनार."

पारावर पोरं चिडवायची, "काय, आज अंगाई म्हटली का?" चिडवू देत. माझ्यानंतर दुसऱ्या घरचा गडी बसला, मग तिसऱ्या. पाळी पाळी म्हणेतो पाळीच झाली. द्वारकेची खाचरं तिच्याकडे राहिली आणि बैठकीत ती बोलू लागली. तात्या गेल्यावर ज्या घरी आजारी माणूस, तिथं हाच नियम. पण माणसं हुशार. गडी बायकोला धाडू लागले. द्वारका त्या बायांना दारातून परत पाठवायची, "तुझी न्हाय, तुझ्या घोवाची पाळी हाय." दरवर्षी भांडायची. दमली होती. एकदा म्हणाली, "भावजी, बांध परत परत फुटतो ते समजतं. पन बोललेलं सुद्धा फुटतं…"

शेवटी तीच आजारी पडली. बसायला बायाच आल्या. गड्यांपैकी मीच काय तो जायचो.

परवा बांध पुन्हा फुटला. बैठकीत जुन्या पाटलांचा मुलगा म्हणाला, "आता ही घरातली पाळी बंद करू. द्वारकाकाकीच्या वेळचं ते." गावातल्या शांतीची सासू अंथरुणाला खिळलेली आहे आणि शांतीचा नवरा मुंबईला. शांती मागं बसली होती, खाली बघत. मला आता ढेकूळ उचलत नाही, कंबर गेली. मी म्हटलं, "चालू ऱ्हाईल. उद्या माझी पाळी."

सकाळी शांती पावडं घेऊन गेली आणि मी तिच्या घरी बसलो. पेज चुलीवर होती, ती वाटीत काढली. म्हातारीनं माझ्याकडे पाहून डोळे बारीक केले.

"मेल्या, तू कशाला? घरात कोन बाई न्हाय?"

"न्हाय," मी म्हटलं. "बांधावर गेलीय. तोंड उघड."