ताईंच्या भिंतीवरची काच

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वर्तमानपत्रातल्या एकाही मित्राला नाही, आणि ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. त्या माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. आत्ता, हे लिहिताना, वर कोणीतरी बादली सरकवली. मी पेन खाली ठेवून ऐकत बसलो. आवाज थांबल्यावर पुन्हा लिहायला घेतलं.

बातमीत सगळ्यांत महत्त्वाचं ते पहिल्या वाक्यात येतं. नव्याने आलेल्यांना मी वीस वर्षं हेच शिकवलं. आज मला ते जमत नाही. मी ते मागे ढकलतोय — हे तुमच्याही लक्षात येईल.

घरापासून सुरुवात करतो. आम्ही पनवेलमध्ये दोन वर्षं घरं पाहिली. प्रत्येक वेळी आम्ही मनाची तयारी करेपर्यंत भाव पुढे गेलेला असायचा. शेवटी खालापूरच्या अलीकडे, जुन्या हायवेपासून थोडं आत, एका जुन्या इमारतीत घर मिळालं. तळाला दोन गाळे, त्यावर एकावर एक दोन घरं, वर गच्ची. सिमेंटच्या खांबांवर नव्हे, जाड विटांच्या भिंतींवर उभी असलेली इमारत. हे मला माहीत होतं का? होतं. विकणाऱ्याने भिंतीवर थाप मारून ते कौतुकाने सांगितलं होतं.

वर सुनंदाताई राहतात. अंगणवाडी सेविका आहेत. नवरा साजगावच्या कारखान्यात कामाला होता. तो वारल्यावर कारखान्याकडून मिळालं तेवढं सगळं त्यांनी या घरात घातलं. त्या आणि मुलगा प्रवीण. दुसरं घर नाही, गावी जमीन नाही. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

आमच्या जुन्या ऑफिसातल्या मित्रांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. त्या वर्षी त्यात रोज कोणाच्या तरी नव्या घराचे फोटो पडत. सगळी घरं सारखीच — हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत नाही, पांढरी कपाटं, सपाट छत, त्यात लपवलेल्या दिव्यांची एक सलग रेघ. मी खालापूरला घर घेतल्याचं कळवलं तेव्हा एकाने लिहिलं, ‘छान. पुण्याला जाताना टोलनाक्यावरून हात दाखवत जाऊ.’ सगळे हसले. मीही हसण्याचं चिन्ह पाठवलं. आणि मग त्या सगळ्यांना एका शनिवारी घर बघायला बोलावलं.

तोवर आमच्या घरात भिंत होती.

जवळच्या चौक गावचे रामदास मिस्त्री आले. त्यांनी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केली, खिडकीतून वर पाहिलं आणि म्हणाले, “भाऊ, ही पार्टिशन नाय. वरच्या भिंतीचा सगळा भार हिच्यावर हाय. पाडायचीच तर खाली गर्डर घ्यावा लागंल.” गर्डर छताखाली नऊ इंच उतरणार होता. म्हणजे छत सपाट राहणार नव्हतं. दिव्यांची रेघ मधेच तुटणार होती. गर्डरशिवाय होणार नाही का, असं मी विचारलं. त्यांनी हत्यारांची पिशवी उचलली. “व्हतंय की. मी नाय करनार.”

मी खोपोलीहून दुसरा माणूस आणला. त्याने काही विचारलं नाही. ताई अंगणवाडीत असताना, एका दुपारी, भिंत गेली. तिच्या जागी वरच्या बाजूला लोखंडाच्या दोन बारीक पट्ट्या आल्या, आणि त्यांच्याखाली प्लास्टरचं खोटं छत. एकदम सपाट. शनिवारी मित्र आले, त्यांनी फोटो काढले. हे घर खालापूरचं वाटतच नाही, असं एक जण म्हणाला. मला ते आठवडाभर पुरलं.

पण कबुली ही नाही. अशा भिंती पाडणारा मी एकटा नाही.

दोन महिन्यांनी ताई खाली आल्या. “भाऊ, जरा वर येऊन बघा ना.” त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला, दाराच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेलेली चीर होती. नख आत जाईल एवढी. ती भिंत माझ्या गेलेल्या भिंतीच्या बरोबर वर होती. ताईंनी कारण आधीच ठरवलेलं होतं — डोंगरापलीकडची खडीची खाण. तिथले सुरुंग दुपारी उडत, तेव्हा मांडणीतली भांडी वाजत. “तुमी पेपरवाले. तुमी लिवलंत तर कोन तरी हलंल.”

मी चीर पाहिली आणि मला कळलं. त्या क्षणी काय बोलायचं होतं? एक वाक्य. मी खिशातून वही काढली.

बातमी तीन कॉलम लागली. ती आज काढून वाचलीत तर तुम्हाला एकही वाक्य खोटं सापडणार नाही. ‘सुरुंगांमुळे घरांना तडे गेल्याचे रहिवाशांचे म्हणणे आहे.’ होतंच म्हणणं. वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घातलं की लिहिणारा मोकळा होतो. आमच्या धंद्यात हे पहिल्या महिन्यात शिकवतात. तलाठी आले, पंचनामा झाला, सुरुंग बंद झाले. खाणीवर काम करणारी वाडीतली माणसं घरी बसली. त्यांतले दोघं मला अजून चौकच्या नाक्यावर सकाळी दिसतात, कोणी कामाला नेईल म्हणून उभे असलेले. ताईंनी बातमीचं कात्रण लॅमिनेट करून घेतलं आणि मला डबाभर करंज्या आणून दिल्या.

हीही कबुली नाही. पण आता जवळ आलो.

प्रवीणच्या ओळखीचे, बांधकाम खात्यातले एक निवृत्त ओव्हरसिअर कर्जतला असतात. त्यांनी येऊन चीर पाहिली, आणि तिच्यावर काचेची एक पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटने बसवली. सिमेंट ओलं असताना त्यात खिळ्याने तारीख कोरली. मी शेजारी उभा होतो. ते म्हणाले, खाण बंद आहे, आता खरं काय ते कळेल. भिंत थांबली असेल तर काच तशीच राहील. केसभर जरी हलली तरी काच तडकेल. आणि तडकली, तर या घरात एक दिवससुद्धा राहायचं नाही.

दसऱ्याला ताई आणि प्रवीण नागपूरला, दीक्षाभूमीवर गेले. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. त्यांची टाकी भरायची म्हणून किल्ली माझ्याकडे होती. मी वर गेलो, नळ सोडला. आणि मग भिंतीकडे पाहिलं.

काच तुटली होती. मधोमध, सरळ.

खाण बंद होऊन दीड महिना झाला होता. सुरुंग नव्हता, पाऊस नव्हता. त्या भिंतीला हलवणारं आता दुसरं कोणी उरलंच नव्हतं — मी सोडून.

मी काय केलं ते क्रमाने लिहितो. तुटलेल्या पट्टीची लांबी-रुंदी मोजली. नळ बंद केला. खोपोलीत काचवाल्याकडून तेवढीच पट्टी कापून आणली. आमच्या कामातलं उरलेलं सिमेंट घरात होतं. खाली फडकं पसरून छिन्नीने जुनी काच काढली, नवी बसवली. सिमेंटात तीच तारीख कोरली. ओव्हरसिअर नऊचा आकडा काढताना त्याची शेपटी लांब ओढतात. मीही ती लांब ओढली. फरशी पुसली, कुलूप लावलं. तुटके तुकडे दुसऱ्या सकाळी घंटागाडीत टाकले.

दिवाळीनंतर ओव्हरसिअर आले. चष्मा लावून काच पाहिली, बोट फिरवलं. भिंत थांबली, म्हणाले, निवांत राहा. ताईंनी चहा केला. एक कप माझा होता. मी तो प्यायलो.

ही कबुली. मी ती काच बदलली.

का? त्या बेघर होतील, असं मी तेव्हा मनाशी म्हणत होतो. ते खरं नव्हतं. इमारत रिकामी करावी लागली असती तर मी बेघर झालो असतो — आणि कोणामुळे, ते सगळ्यांना कळलं असतं. आम्ही घेतलं त्या भावात आता इथे एक खोली मिळत नाही. मला भीती माझी होती.

ती भीती गेलेली नाही. वाढली आहे. वरचा प्रत्येक आवाज मला ओळखू येतो. ताईंचं पाऊल हलकं, प्रवीण टाच आपटतो. त्यांच्याकडे पाहुणे आले की मी पावलं मोजतो. आमच्या सपाट छतात केसाएवढी रेघ उमटली, ती मी तीनदा पुट्टीने भरली. वैशाली, माझी बायको, म्हणते ओल असेल. मी बिछाना आतल्या खोलीत हलवला आणि तिला सांगितलं की तिकडे वारा चांगला येतो. ताईंचं स्वयंपाकघराचं दार लागेनासं झालं आहे. त्यांनी दोनदा रंधा मारून घेतला. त्यांना वाटतं लाकूड फुगलंय.

आता प्रवीणचं लग्न ठरलं आहे. मुलीकडचे कल्याणहून घर बघायला आले तेव्हा तो त्यांना घेऊन माझ्याकडे आला. “काका, लोक मोबाईलवर फोटो दाखवतात. आपलं काम सोपं. खाली आनलं आनि सांगितलं, आमचं पन असंच व्हनार.” सगळे हसले. मुलीच्या आईने आमच्या छतावरची दिव्यांची रेघ मान वर करून पाहिली. मी तिच्याच शेजारी, त्याच छताखाली, उभा होतो.

ताईंनी स्वयंपाकघराची भिंत ठेवली आहे, पण चीर झाकायला तिच्यावर उभ्या खाचांचे पॅनल लावून घेतले. सध्या सगळीकडे तेच लावतात. पॅनल लागायच्या आदल्या दिवशी मी वर गेलो होतो. काचेवर ताईंनी कॅलेंडर टांगलं होतं. त्या चहा टाकायला वळल्या तेव्हा मी ते बाजूला केलं. माझी काचही तुटलेली होती. मी कॅलेंडर सरळ केलं. बिस्किट घेतलं. दुसऱ्या दिवशी, ताई अंगणवाडीत असताना, कामगारांनी कॅलेंडर उतरवून काचेवरच पॅनल ठोकले.

जिन्यात टाइल्सचे खोके रचून ठेवलेत. जुन्या फरशीवरच नव्या बसवायच्या आहेत. उद्या सोमवारी ओट्याचा ग्रॅनाइट येतो. हळदीला त्याच जमिनीवर पंगती बसायच्या आहेत. किती माणसं येतील ते ताईंनी मला उत्साहाने सांगितलं. तो आकडा मला इथे लिहवत नाही.

सांगायला मी दोनदा वर गेलो. एकदा टाइलचा रंग पसंत करून खाली आलो, एकदा आमंत्रितांची यादी वाचून. तोंडाने मला खोटं फार सहज येतं. म्हणून लिहिलं. आज रविवार आहे, दुपारचे साडेतीन वाजलेत, दोघंही घरात आहेत. वैशाली बहिणीकडे आहे. तिला फोन करून आज परत येऊ नको म्हणून सांगितलं. ओव्हरसिअरांनाही फोन केला आणि काच दोनदा तुटल्याचं सांगितलं. ती बदलली कोणी, ते नाही सांगितलं. ते कर्जतहून निघाले आहेत. हे कागद आधी ताईंच्या हातात जातील, तुमच्यापर्यंत नंतर. त्या वाचत असताना मी तिथे उभा राहीन. विचारतील त्याचं उत्तर देईन.

ताई, शेवटचं तुमच्यासाठी. तुमची भिंत खाणीने फोडली नाही, मी फोडली. हे वाचून झालं की लगेच उठा आणि हॉलच्या खिडकीच्या बाजूने दाराकडे या. पॅनलच्या जवळून चालू नका. प्रवीणला आधी बोलवा. स्वयंपाकघरात गॅस चालू असेल तर तो मी बंद करतो, तुम्ही आत जाऊ नका. कपाट, कागदपत्रं, लग्नाच्या साड्या — काही उचलू नका.