लाल काठाचा पडदा

माझा पहिला मूकपट मीच लिहिला, मीच चित्रित केला आणि त्यातल्या विणकराचे कामही मीच केले. अडले ते शेवटच्या दृश्यावर. गिरणीचा भोंगा होतो, पण कामगार आत जात नाहीत. दारापुढे नुसते उभे राहतात. सोलापुरातल्या एका थिएटरमालकाने ते पाहिले आणि तो म्हणाला, "एवढं कापा, आठवडाभर लावतो."

"मग उरतं काय?"

"जत्रेतला तुमचा नाच. तो बरा जमलाय की!"

मी रिळे उचलली. कामगार चळवळीची हातोहात फिरणारी पत्रके वाचून वाढलेला मी, असली कात्री लावून घेणार नव्हतो. ओळखीच्या एका विणकराने आपली हातमागाची शेड रविवारच्या दुपारपुरती दिली. खिडक्यांना घोंगड्या लावल्या की अंधार. राहिला पडदा. तो विणून मागायला मी त्याच्या आईकडे गेलो.

"अम्मा, पांढरंशुभ्र कापड हवं. काठ नको."

त्यांनी मागावरचा धोटा थांबवला. घरात त्या तेलुगू बोलत, माझ्याशी मराठी. "बिनकाठाचं पांढरं मेलेल्याला लागतंय. माझ्या मागावर ते निघत न्हाय."

मी अंधश्रद्धेवर भाषणच सुरू केले. तुटलेला धागा जोडत अम्मांनी सगळे ऐकून घेतले.

"झालं? थेटरवाला काय म्हनला तुला?"

"शेवट कापा म्हणाला."

"कापलास?"

"नाही."

"मग मला कशाला काप म्हनतोस रे बाबा?"

"बरं, काठ राहू दे," मी म्हणालो.

मागाची रुंदी कमी, म्हणून अम्मांनी तीन पट्टे विणून शेजारीशेजारी शिवले. प्रत्येकाला दोन्हीकडे लाल काठ. जोडांवर काठाला काठ लागून पडद्यावर वरपासून खालपर्यंत दोन जाड लाल रेघा आल्या.

रविवारी शेड भरली. मी यंत्राचे हँडल फिरवू लागलो. पडद्यावर मी नाचत काठावर आलो आणि माझे नाक लालभडक झाले.

"नाकाला काय झालं रं त्याच्या?"

"मालकानं हाणलं!"

शेड हसून लोळली. माझे कान तापले, पण हात थांबवला नाही. थिएटरमालकही मजा बघायला आला होता. दारातून ओरडला, "काठ झाला, पदर कुठाय?"

मग शेवटचे दृश्य आले. दारापुढे उभे असलेले कामगार समोर बसलेल्यांतलेच होते. हसणे आपोआप बंद झाले. रीळ संपले तेव्हा कोणीतरी म्हणाले, "परत लावा. तेवढंच."

ते मी तीनदा लावले.

बाहेर थिएटरमालकाने मला बाजूला घेतले. "माझा पडदा स्वच्छ आहे. शेवट निम्मा तरी कापा, उद्यापासून लावू."

"अम्मांना विचारा," मी म्हणालो. तो विचारायला गेला नाही.

त्यानंतर आणखी दोन चित्रपट केले. दोन्ही याच पडद्यावर दाखवले. दोन्हींत माझे नाक लाल होते, आणि दोन्ही अखंड आहेत.