घुबडांसाठी राखलेली झाडं

जपानमधल्या सेंदाईच्या आमच्या मराठी मंडळींत यामिनी साठे मातीतल्या बुरशीवर संशोधन करणारी बाई म्हणून माहीत होती. हातात करवत घेऊन सफरचंदाच्या झाडावर चढलेली दिसली, तेव्हा मी तिला क्षणभर ओळखलंच नाही.

शहराबाहेर डोंगरउतारावर कुदो-सान या म्हाताऱ्या शेतकऱ्याची बाग आहे. यामिनी तिथली माती तपासायला जायची. बागेच्या वरच्या टोकाला त्यांच्या आजोबांनी लावलेली झाडं होती. खोडं पोकळ, फांद्यांचं रान माजलेलं, फळ बेताचं. ती तोडून तिथे बुटकी कलमं लावायचं कुदो-सानांनी ठरवलं होतं. पण खाली आधीच लावलेल्या कलमांची साल रानउंदीर बर्फाआडून कुरतडत होते.

यामिनी म्हणाली, "या ढोल्यांत पूर्वी घुबडं राहायची, असं तुम्हीच सांगितलंत. झाडं ठेवा. घुबडं परत आली तर उंदरांचं तीच बघतील."

"आणि छाटणी कोण करणार? माझे गुडघे आता शिडी चढत नाहीत."

"मी करते. तुम्ही शिकवा."

तिचा नवरा शैलेंद्र हे ऐकून हसला. तिच्या हातून गॅलरीतल्या कुंड्याही कधी जगल्या नव्हत्या.

पहिल्या हिवाळ्यात तिने नको तितकं कापलं. उन्हाळ्यात झाडांवर नुसते उभे फुटवे माजले, फळ जवळजवळ धरलंच नाही. कुदो-सान रागावले नाहीत. पुढच्या थंडीत शिडीखाली बर्फात उभे राहून ते काठीने एकेक फांदी दाखवत राहिले. जड फांदी आधी खालून थोडी कापायची, मग वरून, म्हणजे साल सोलवटत नाही, हे ती शिकली. वाळलेली पण भक्कम फांदी सुतारपक्ष्यांसाठी ठेवू या, हे तिने सुचवलं आणि त्यांनी ऐकलं.

मग एका मोठ्या हिमवर्षावात सगळ्यात जुनं झाड ढोलीपासून फाटलं. शेजारी म्हणाले, आता तोडूनच टाका. यामिनीने रविवारी शैलेंद्रला आणि आम्हा मित्रांना बोलावून घेतलं. वरचा भार तिने स्वतः उतरवला, फाटलेलं खोड दोरांनी आवळून घेतलं, फांद्यांना लाकडी टेकू दिले. आम्ही नुसते दोर ओढत होतो. कुठे किती ओढायचा, हे तीच सांगत होती.

झाड जगलं, आणि पुढच्या वसंतात त्याच ढोलीत घुबडाची जोडी आली. मेमध्ये ढोलीच्या तोंडाशी बसलेली मऊ, राखाडी पिल्लं तिची मुलगी ओवी दुर्बिणीतून बघत होती आणि दबक्या आवाजात आईला जपानीतून सगळं सांगत होती. नंतरच्या हिवाळ्यात कुरतडलेलं कलम क्वचितच सापडलं.

आता आसपासचे बागवाले जुनं झाड तोडण्याआधी यामिनीला बोलावतात. गेल्या फेब्रुवारीत छाटणी शिकवायला ती गावच्या सभागृहात गेली, तेव्हा तिची ओळख कुदो-सानांनी करून दिली. तिची पदवी, विद्यापीठ, काहीच त्यांनी सांगितलं नाही.

"या यामिनी-सान. माझ्या आजोबांची झाडं यांनी राखली," एवढं बोलून ते खाली बसले.

यामिनीचे कान लाल झाले. मग ती उठली, पिशवीतून करवत काढली आणि सगळ्यांना बाहेर, बर्फातल्या झाडांकडे घेऊन गेली.